मेस : वाक्यात उपयोग करा

नववीत पवळे सरांनी शब्द दिला, मेस.
मी लिहिलं : माय मदर इज अ मेस.
सरांनी 'इज' खोडला, वर 'रन्स' लिहिलं लाल पेनानं,
आणि वही देताना मिशीत हसले.
घरी वाचून दाखवलं तर ती म्हणाली,
माय दोनदा कामून लिवलीस?
एकच हाय की मी.

लातूरच्या ट्यूशन एरियात, फिजिक्सच्या क्लासमागची गल्ली,
पत्र्यावर इस्माईल पेंटरनं रंगवलेलं : सुजाता मेस.
घरगुती जेवण. रविवारी रात्री बंद.
जागा मोजायची राहिली होती त्याची,
म्हणून 'स' अर्धा भिंतीवर उतरलेला.

मेस लागली, म्हणजे लेकरू शहरात टेकलं.
मेस बदलली, म्हणजे दोन दिवस वरण पातळ झालं असणार.
मेस सुटली,
म्हणजे नंबर लागला, नाहीतर गावाकडं गेलं.
कुठलं ते आपण विचारायचं नसतं.

एकदा औरंगाबादच्या शाळेतली एक मुलगी आली,
दारातला चपलांचा ढीग, नेलपॉलिशनं नावं घातलेले डबे,
नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून
जिन्यापर्यंत आलेले ड्रम, घागरी, पातेली, एक बाथटब लेकराचा,
हे सगळं बघून म्हणाली, काकू, किती मेस आहे इथं!
कालिंदाबाई म्हणाली, व्हय, पाच वर्सं झाली.

पसाऱ्याला ती इस्कोट म्हणायची.
इंग्रजीतल्या इस्कोटाचं नाव आपल्या पत्र्यावर आहे
हे मी तिला बरेच दिवस सांगितलं नाही.

चाकूरकडचे एक वडील आले, पोराची मेस लावायला.
आडनाव काय तुमचं, बाई?
सूर्यवंशी.
बरं बरं, म्हणाले, आणि बसले.
येसराची आमटी दोनदा घेतली, भाकरी तीन,
बोटं चाटली, खोटं कशाला सांगू.
मग हात धुता धुता :
कुणीकडचे सूर्यवंशी म्हणायचे?
माय बोलली नाही.
ताटाकडं बघत राहिली, त्यांनी भिंतीकडं बघितलं,
भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, कालचाच हार.
आगाऊ दिलेले अठराशे त्यांनी परत मागितले नाहीत.
तेवढं मोठेपण होतं त्यांच्यात.

डबा भरून ठेवलेला संध्याकाळपर्यंत तसाच.
मायनं वहीत खाडा मांडला, दुसऱ्या दिवशी परत खाडा,
आठ खाडे.
नवव्या रात्री मागच्या जिन्यानं पोरगं आलं,
ड्रमांच्या मधून वाट काढत,
उभ्यानंच जेवलं.
पप्पांना सांगू नका, काकू.
बस खाली, ती म्हणाली, उभ्यानं गिळलेलं अंगी लागत न्हाई.

वर्षभर ते त्याच जिन्यानं आलं.
आता नांदेडला डॉक्टर आहे म्हणतात.
पुढचा जिना त्याला माहीतही नसेल.

खूप नंतर विद्यापीठाच्या लायब्ररीत
दोन्ही हातांनी उचलावा लागतो तो शब्दकोश उघडला.
मेस :
पसारा, घाण, गोंधळ, हे सगळं अलीकडचं.
आधी नुसतं ताटात वाढलेलं अन्न.
नंतर, एका भांड्यातून जेवणारी चार माणसं.
चार.
कुणीकडची, ते दिलेलं नव्हतं.
मग कधीतरी ते अन्न कुणीतरी कालवलं, जनावरापुढं ठेवलं,
आणि शब्दाला वास यायला लागला.

फोनवर मायला सांगितलं.
मागं कुकरची शिट्टी, कुणीतरी लोणचं मागत होतं.
तिनं ऐकून घेतलं, एवढंच विचारलं :
मग सरांनी काट कामून मारली?

आणि मला उत्तर सुचायच्या आत
पाणी आलं, पाणी आलं, अशी गल्लीत ओरड,
फोन तसाच चालू ठेवून ती पळाली.
मी ऐकत राहिले
एकामागून एक भांडी भरताना.